आंबील ओढ्याचा अडीच ब्रास गाळ

मे अखेरीस पुण्यात दोन गोष्टी हमखास दिसतात : कोपऱ्याकोपऱ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि ओढ्यांत उतरलेले पोकलेन. दोन वर्षांपूर्वी याच सुमारास सहकारनगरच्या बाजूला, आंबील ओढ्याकाठच्या एका सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत नालेसफाईच्या गाळाचा एक डंपर रिकामा झाला. अडीच ब्रास, म्हणजे अडीचशे घनफूट. पैसे शून्य. ड्रायव्हरचा लांबचा फेरा वाचला, सोसायटीला ‘काळी माती’ फुकट मिळाली आणि सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी परसबागेचा आराखडा व्हॉट्सॲपवर टाकला. पालक, मेथी, मुळा, वांगी आणि कडेला लहान मुलांना माती खेळायला एक कोपरा.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा मला फोन आला. मी भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, हे त्यांना ठाऊक होतं. “अहो, जरा येऊन बघा. सेक्रेटरी म्हणतात गाळ म्हणजे सोनं. सोन्याला असा वास येतो का?”

सेक्रेटरींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ते मूळचे पुरंदर तालुक्यातले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 साली आली, तेव्हा त्यांच्या भावाने तलावातला गाळ ट्रॅक्टरने वाहून हलक्या रानात पसरला होता आणि ज्वारी कमरेच्या वर गेली होती. ते यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. डोंगरावरची माती पावसाने तलावात जाते, तिथून काढून पुन्हा शेतात घालायची, यात चुकीचं काहीच नाही. चूक एवढीच, की तलावात येतं ते शिवारातून आणि ओढ्यात येतं ते शहरातून. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, गाळ.

रंग आणि वास

ढिगात हात घातला तर आतला गाळ डांबरासारखा काळाभोर, चिकट आणि गार. वरचा दोन बोटांचा थर मात्र तीन दिवसांच्या उन्हात तपकिरी पडायला लागला होता. काकूंना मी ते दाखवलं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. काळी कसदार माती वाळली तरी काळीच राहते. वाळल्यावर तपकिरी होते ती काळिमा कसाची नसते, लोहाच्या सल्फाइडची असते. ओढ्यात मैलापाणी येतं, त्यातला सेंद्रिय माल कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू सल्फेटवर तगतात आणि सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. हे सल्फाइड लोखंडाला धरतं तसं जस्त, कॅडमियम, तांबं, शिसं यांनाही धरून ठेवतं. म्हणजे ओढ्याच्या तळाशी, पाण्याखाली, हवेविना हा काळा गाळ धातूंना एका परीने कुलूप लावून बसलेला असतो. आपण तो उपसून उन्हात पसरतो, तेव्हा कुलूप उघडायला लागतं.

इथे घाबरवण्याचा मोह होतो, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. पुण्याच्या मातीत चुनखडीचे खडे भरपूर असतात आणि सामू (पीएच) साडेसात-आठच्या घरात राहतो. सल्फाइड हवेत उघडं पडल्यावर होणारं आम्ल या चुन्यात मुरतं आणि सुटलेले बरेचसे धातू लोहाच्या तांबूस लेपावर आणि चिकणमातीवर पुन्हा चिकटतात. आम्लधर्मी मातीच्या प्रदेशात हेच प्रकरण फार वाईट वळण घेतं. आपल्याकडे दख्खनचा दगड थोडीफार लाज राखतो.

सेक्रेटरींनी तोवर आपला बचाव तयार ठेवला होता : माती परीक्षणाचा छापील अहवाल. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद अतिशय जास्त, पालाश जास्त, जस्त आणि तांबं पुरेसं. “सर, याहून चांगला रिपोर्ट माझ्या भावाच्या रानाचाही नाही!”

अहवाल खोटा नव्हता, प्रश्न चुकीचा विचारला गेला होता. शेतकऱ्यासाठीचं माती परीक्षण पिकाला काय मिळेल ते सांगतं. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, बोरॉन आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) ही चार सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसं आणि कॅडमियम त्या यादीतच नाहीत, कारण शेतात ते कोणी शोधत नाही. मैल्याचा गाळ या परीक्षेत नेहमीच पहिला वर्ग मिळवणार. कर्ब मैल्यातून आलेला, स्फुरद मैल्यातून आणि साबण-पावडरींतून आलेला आणि जस्ताचं ‘पुरेसं’ म्हणजे किमान किती हवं त्याच्या वर, एवढंच. कमाल किती चालेल, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

ओढा काय करतो

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून याच पाण्यावर शहराला हौदांतून पाणी पुरवलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे. धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वती, दांडेकर पूल असा उतरत तो मुठेला मिळतो. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला पेठांची वेस आणि मध्ये सगळा अलीकडचा पसारा.

पुण्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने रस्ते कोरडे आणि त्या आठ महिन्यांत डांबरावर जे साचतं ते सगळं शहराचं. टायरच्या रबरात वजनाच्या एक-दोन टक्के झिंक ऑक्साइड असतं, टायर झिजला की ते धुळीत. ब्रेकच्या लायनरमधून तांबं आणि अँटिमनी. गंजणाऱ्या पन्हाळी पत्र्यांचं जस्त. गॅरेजसमोरचं ऑइल. जुन्या बॅटऱ्या. बांधकामांचा राडारोडा, जो ओढ्यात रात्री कसा काय पोचतो हे प्रत्येक ओढ्याकाठच्या पुणेकराला ठाऊक आहे आणि कोणालाच ठाऊक नाही. शिवाय जुनं शिसं. शिसेयुक्त पेट्रोल देशभर 1 फेब्रुवारी 2000 रोजी बंद झालं, पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही. मातीच्या वरच्या वीतभर थरात ते दशकानुदशकं बसून राहतं आणि माती वाहिली की तिच्याबरोबर वाहतं.

वळवाच्या पहिल्या सरीला हे सगळं एकदम ओढ्यात उतरतं. मात्र पाण्यात विरघळून नव्हे. धातू बहुतांशी बारीक कणांना चिकटून प्रवास करतात. जाड वाळू धुवून निघते, तिच्या अंगाला फारसं काही लागत नाही. चिकणमातीचा कण मात्र चुंबकासारखा. हे बारीक कण जिथे पाण्याचा वेग मरतो तिथे बसतात : रस्त्याखालच्या मोरीच्या, म्हणजे कल्व्हर्टच्या, तोंडाशी, पुलाच्या खांबामागे, वळणाच्या आतल्या अंगाला, प्लास्टिकने तुंबलेल्या जाळीपाशी. नालेसफाई नेमकी याच जागांची होते, कारण पाणी तुंबतं तेही इथेच. म्हणजे डंपरमध्ये भरला जातो तो ओढ्याचा सरासरी गाळ नसतो, सगळ्यात मळका वाटा असतो. माझ्या मते या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच आणि कुठल्याही बैठकीत तो कोणाला पटकन पटत नाही.

नमुने, आणि माझी एक चूक

सोसायटीने खर्चाला मंजुरी दिली, एका अटीवर : सोसायटीचं नाव आणि अहवालातले आकडे बाहेर जायचे नाहीत. कारण स्पष्ट होतं, फ्लॅटचे भाव. अट मी पाळतोय, म्हणून इथे मोजमापं नाहीत. फक्त कोणतं जास्त, कोणतं कमी आणि का, एवढंच सांगतो.

पाच नमुने घेतले. एक ढिगाचा. एक ओढ्यात वरच्या बाजूला, वस्ती विरळ आहे तिथला. एक तळजाई टेकडीच्या उतारावरचा, वाटेपासून आत, झाडाखालचा पाचोळा बाजूला करून. एक सोसायटीच्याच जुन्या वाफ्यातला, जिथे वीस वर्षं गवती चहा, अळू आणि पुदिना येतोय. पाचवा बाजारातल्या पोयटा मातीचा, कारण गाळ नको म्हटलं की सगळे पोयट्याकडे वळणार हे उघड होतं आणि तो तरी कुठून येतो हे विकणाराही छातीठोकपणे सांगत नाही. प्रत्येक नमुना दहा-बारा ठिकाणची चिमूट-चिमूट एकत्र करून, मग चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत) कमी करत अर्धा किलोवर आणलेला. प्लास्टिकचा उलथना, प्लास्टिकच्या पिशव्या. गाळाचे नमुने नायलॉनच्या 63 मायक्रॉन चाळणीतून ओलेच गाळले. घरात पितळी चाळणी होती आणि नातवाने उत्साहाने तीच पुढे केली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जे मोजायचं तेच चाळणीतून मिसळायचं!

चूक वेगळीच झाली. वरच्या बाजूच्या नमुन्यात शिसं अनपेक्षित वाढलेलं आलं, ढिगापेक्षाही जास्त. दोन दिवस मी वाढीव वस्ती, जुना रस्ता, बॅटरीचं दुकान असे तर्क लढवले. मग पुन्हा जागेवर गेलो आणि ओशाळलो. नमुना घेतला होता तिथून चार पावलांवर काठावर म्हसोबाचा दगड होता, शेंदराचे पापुद्रेच्या पापुद्रे चढलेला, आणि गळून पडलेले तुकडे खालच्या गाळात दिसत होते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. हल्ली बाजारात त्याचे पर्यायही मिळतात, पण जुना थर जुनाच. देवाचा दोष नाही, दगड दिसूनही न पाहणाऱ्या मास्तरचा आहे. तो नमुना बाद केला आणि अर्धा किलोमीटर वर जाऊन दुसरा घेतला.

दगडाचं काय, शहराचं काय

अहवाल आल्यावर पहिली बैठक तांब्यावरून पेटली. तांबं ढिगात जास्त होतं, वरच्या ओढ्यात जास्त होतं आणि तळजाईच्या मातीतही जास्त होतं. एका सभासदांनी मोबाइलवर शोधून जगाची सरासरी काढली आणि तळजाईवर फिरायला जायचं की नाही, असा प्रश्न टाकला.

तांबं शहराचं नव्हतं, डोंगराचं होतं. पुणे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलंय. या काळ्या दगडात एका किलोमागे साधारण 100 ते 200 मिलिग्रॅम तांबं मुळातच असतं. पृथ्वीच्या वरच्या कवचाची सरासरी 30च्याही खाली आहे. निकेल आणि क्रोमियमचंही तसंच. याउलट शिसं या दगडात नगण्य, बहुधा एक आकडी. म्हणून पुण्यात तांबं साक्षीदार म्हणून कुचकामी आणि शिसं पक्कं. शिसं दिसलं की माणूस येऊन गेला, असं समजावं.

हे न पाहता सूत्रं लावली की गंमत होते. गाळाचं प्रदूषण मोजायला म्यूलर यांचा 1969 सालचा निर्देशांक सर्रास वापरतात. मोजलेलं प्रमाण घ्यायचं, नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागायचं आणि दोनाच्या पायाने लॉगरिदम काढायचा. शून्याखाली स्वच्छ, एक ते दोन मध्यम प्रदूषित, अशा पायऱ्या. आता समजा, एका पुणेरी मातीत तांबं 150 आहे आणि ‘नैसर्गिक’ म्हणून आपण पुस्तकातली शेल खडकाची जागतिक सरासरी, 45, घेतली. उत्तर येतं 1.15च्या आसपास : मध्यम प्रदूषित. तळजाईचं जंगल प्रदूषित! उलट समजा, गाळात शिसं 30 आहे. शेलची सरासरी 20 धरली तर उत्तर बरोबर शून्य, चिंता नाही. आणि इथल्या मातीचं मूळ प्रमाण 8 धरलं तर उत्तर सव्वाच्या वर. म्हणजे परक्या दगडाचं माप लावलं की निर्दोष तांबं अडकतं आणि शिसं सुटतं. तळजाईचा नमुना घेतला तो एवढ्यासाठीच. पाचांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी नमुना तो होता.

कायदेशीर मापातही हीच फसगत आहे. बागेच्या मातीसाठी लोक सहसा शहरी कंपोस्टच्या मर्यादा पुढे करतात : किलोमागे शिसं 100, कॅडमियम 5, तांबं 300, जस्त 1000, निकेल 50, क्रोमियम 50 मिलिग्रॅम. शिशा-कॅडमियमपुरता हा दंडक कामाचा आहे. पण निकेल-क्रोमियमच्या कसोटीवर तळजाईची स्वच्छ माती नापास झाली. हे आकडे खतासाठी आहेत, दगडापासून झालेल्या मातीसाठी नाहीत.

डोंगराचा वाटा वजा केल्यावर ढिगाचा हिशेब असा निघाला. जस्त तळजाईच्या कित्येक पट, टायर आणि पत्र्यांची पावती. शिसं वाढलेलं, पण कंपोस्टच्या मर्यादेच्या आत. कॅडमियम थोडं वर. आणि धातूंच्या आधी नजरेला पडणारं म्हणजे काचा, ब्लेडचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या आणि मैल्याचे जंतू, ज्यांच्यासाठी धातू मोजणाऱ्या कुठल्या आयसीपी यंत्राची गरज नव्हती. विष नव्हे, पण पालक लावायची जागाही नव्हे. पालेभाज्या कॅडमियम उचलतात, मुळ्यासारख्या कंदांना माती चिकटून घरात येते. शिसं मुळांतून फारसं चढत नाही. ते येतं धुळीतून आणि लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या बोटांतून. म्हणून आराखड्यातल्या दोन गोष्टींपैकी मला जास्त खटकत होता तो वांग्यांचा वाफा नव्हे, मुलांचा कोपरा.

सगळे ढिगाकडे बघत असताना चौथ्या नमुन्याने मात्र घोळ घातला. शिसं सर्वांत जास्त निघालं ते सोसायटीच्या स्वतःच्या जुन्या वाफ्यात, ढिगाच्याही वर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतालच्या मातीतल्या शिशाची इशारापातळी जानेवारी 2024 मध्ये 400 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली. वाफा या नव्या रेषेच्या पलीकडे होता. वीस वर्षं त्यातला गवती चहा उकळत होता.

वाफ्यात फूटभर खड्डा घेतला, तेव्हा उलगडा झाला. मध्यावर बारीक पिवळट मातीचा दोन बोटांचा सलग थर होता. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबील ओढ्याला जो पूर आला, ज्यात ओढ्याकाठची कितीतरी माणसं गेली, त्या पुराने आणलेला. तो थर तुलनेने स्वच्छ होता, कारण एवढा मोठा पूर तळचा गाळ खरवडून पुढे नेतो आणि वरून डोंगराची ताजी माती आणून टाकतो. शिसं त्या थराच्या वर होतं. पुराच्या पाण्याने भिजलेली भिंत, खिडक्यांचे गज आणि फाटक पुढच्या वर्षी पत्रीने खरवडून पुन्हा रंगवलं गेलं. इमारत 1980च्या दशकातली, गजांना खाली जुना शेंदरी प्रायमर. तो म्हणजेही शिशाचं लाल ऑक्साइड, म्हसोबाच्या अंगावर होतं तेच. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा किलोमागे 90 मिलिग्रॅम झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचे थर कोणी काढून नेले नव्हते, ते पुड्यांनी वाफ्यात झडले होते. भिंगाखाली शेंदरी कपचे स्वच्छ दिसले.

बैठकीत शांतता पसरली. ओढ्याला नावं ठेवायची तयारी होती, स्वतःच्या फाटकाला नावं ठेवायची नव्हती. सेक्रेटरींना मात्र मनोमन थोडं बरं वाटलं असावं. त्यांचा ढीग दुसऱ्या क्रमांकावर आला होता.

काय केलं

ढीग पावसाआधी ताडपत्रीने झाकला आणि नंतर उचलला. फुकट आलेल्या गाळाला परत पाठवायचे पैसे पडले, यावर एका सभासदांनी इतिवृत्तात निषेध नोंदवून घेतला. वाफ्यातले दिसतील तेवढे कपचे वेचले, गवती चहा आणि पुदिना मुळासकट काढून टाकला. अख्खी माती उपसायचा विचार सोडला, कारण ती नेऊन टाकायची कुठे, हा तोच डंपरचा प्रश्न झाला असता. त्याऐवजी जाड जाळीदार कापड अंथरून वर फूटभर पोयटा घातला आणि त्यात जास्वंद, अबोली, कण्हेर लावली. उघडी धूळ राहिली नाही की शिशाचा बहुतेक रस्ता बंद होतो. पोयट्याचा नमुना तळजाईसारखाच निघाला होता, तांबं भरपूर, शिसं नाममात्र. कुठल्या तरी डोंगराचीच माती ती. भाज्या गच्चीवर पिशव्यांमध्ये गेल्या, सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खतावर. पार्किंगच्या पत्र्याखाली पागोळ्या पडतात तिथे जस्त साचतं, म्हणून पिशव्या तिथून हलवल्या.

यंदाच्या मे महिन्यात मी काकूंकडे चहाला बसलो होतो, तेव्हा खाली फाटकाशी एक डंपर थांबला. तोच ड्रायव्हर होता की दुसरा, ते वरून कळलं नाही.

“साहेब, मुरूम आहे. टाकू का मागं? पैसे नकोत.”

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर घेतला. “कुठला मुरूम? ओढ्यातला की डोंगरातला?”

ड्रायव्हर जरा थांबला. “डोंगरातलाच, साहेब. म्हणजे… बहुतेक.”

“मग आधी एक पिशवी भरून ठेव,” सेक्रेटरी म्हणाले, “आणि लोखंडी फावडं नको लावूस.”